उजवीकडचा आरा

सायकल उलटी कर. बाकावर नको, खाली.
गोणपाट त्यासाठीच टाकलंय.
मी नेलिदा बार्रिया. करवती, बोटींची इंजिनं, शिवणयंत्रं,
आणि नोव्हेंबर ते मार्च तुम्ही लोक.
तुझं नाव सांगितलंस खरं, पण माझ्या जिभेवर बसत नाही ते.

फेरी गुरुवारी. आज सोमवार.
घाई असेल तर वाऱ्याला सांग.

तुटला तो मागच्या चाकाचा, उजवीकडचा.
नेहमी तोच.
साखळी तिकडून ओढते, ओझं त्याच चाकावर,
आणि दातेरी चकत्या काढल्याशिवाय
बोटही जात नाही आत.
चकत्या काढायला हत्यार लागतं, एवढंसं.
आणलंयस?
वजन वाचवायला घरी ठेवलंस.
बरं.
मग हे काय?
कॉफी दळायचं यंत्र.

टूथब्रशची दांडी कापलीस,
पाच-सहा ग्रॅम वाचले असतील,
आणि कुलपं आणलीस तीन.
इथं कोण चोरणार?
माझ्या भावानं चोरली होती एकदा, पोस्टमनची.
गावात रस्ता एकच, तोही आमच्या दारावरून.
चार वेळा सगळ्यांनी पाहिला त्याला जाता-येता.
संध्याकाळी ठेवून आला जागेवर,
दोन्ही चाकांत हवा भरून.

आता नखानं छेड. एकेक आरा. सावकाश.
ऐक, हा टणत्कारतो.
हा बद्द.
हा त्याच्या शेजारचा, बघ, कसा किंचाळतोय,
तुटलेल्याचंही ओढतोय कालपासून.
अजून चाळीस किलोमीटर रिपिओवर
आणि तोही गेला असता,
मग त्याच्या शेजारचा.
माझ्याकडे आरे आहेत, तुझ्या मापाचे नाहीत.
कापून आटे पाडते. तू चहा नाहीतर माते घे,
नळी हलवू नकोस, आमच्यात ते बरं दिसत नाही.

माझा बाप ओझ्याचे घोडे न्यायचा
हद्दीपलीकडे, अर्जेंटिनात.
जाताना लोकर, येताना पीठ आणि मातेची पानं.
ओझं बांधून झालं की घोड्याभोवती एक फेरी,
मग डोळे मिटून
ही बाजू उचलून बघायची, ती बाजू उचलून बघायची.
एकीकडे बटाटा जास्त झाला
तर काढून तिथंच खायचा, कच्चा.
आम्ही हसायचो.
एका एप्रिलमध्ये नाही केलं त्यानं. बर्फ लवकर आला होता.
घोडा गेला, पीठ गेलं.
बाप आला नवव्या दिवशी चालत,
हातात नुसता लगाम.
तो बघ, खिळ्यावर.
विकायचा नाही. सगळेच विचारतात.

फिरव चाक. डोळा ब्रेकच्या रबरावर ठेव.
घासतंय अजून, इथं, केसभर.
पाव फेरा. थांब. पाव म्हटलं मी.

साखळीला तेल रात्री घालायचं आणि सकाळी पुसायचं.
तुम्ही सकाळी घालता आणि धूळ दिवसभर ते खात बसते.
पिशवीच्या कड्यांचे स्क्रू रोज हातानं चाचप,
ते सैल होताना आवाज करत नाहीत.
तंबूचे खिळे हलके घेतलेस, हे चुकलं.
इथला वारा असल्या खिळ्यांनी दात कोरतो.

हे तीन आरे जादाचे.
मागच्या दांडीला चिकटपट्टीनं बांध.
लागणार नाहीत.
बांधले की लागत नाहीत.

पैसे राहू देत. ते दळायचं यंत्र ठेव.
कॉफी पीत नाही मी,
पण यंदाची पानं जाड आलीयत, काड्याच काड्या.

नाही, थांब, अजून नाही झालं.
पिशव्या अडकव. दोन्ही.
आता मागनं उचल सायकल, जरा वर. डोळे मीट.
कुठली जड?

खोटं नको सांगूस.
पुन्हा उचल.